सासऱ्यांच्या तिजोरीतला सायलेन्सर आणि १९४५ सालची एमपी-४०: आधी कागद, मग गाडी

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणारे, व्हिएतनाम युद्धात लढलेले सासरे गेल्या महिन्यात वारले. मृत्युपत्रात नवऱ्याला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमलंय. तो जन्माने अमेरिकन. प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या, आता अमेरिकन नागरिक, घर टेक्ससमध्ये. सासऱ्यांच्या तिजोरीत शिकारीच्या साध्या रायफलींसोबत तीन वेगळ्या वस्तू निघाल्या: एक सायलेन्सर, आखूड नळीची एक रायफल आणि सासऱ्यांच्या वडिलांनी १९४५ साली जर्मनीहून आणलेली एमपी-४०, म्हणजे जर्मन सैन्याची छोटी मशिनगन. पहिल्या दोन्हींचे सरकारने मंजूर केलेले नोंदणीचे फॉर्म सापडलेत. एमपी-४० सोबत मात्र लष्करी अधिकाऱ्याच्या सहीची एक पिवळी पडलेली चिठ्ठी आहे, बाकी काही नाही. नणंद कॅलिफोर्नियात असते आणि मृत्युपत्रात सगळं दोघा भावंडांना निम्मं-निम्मं. ताईंचा धाकटा भाऊ एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि सध्या त्यांच्याच घरी राहतो. ताई विचारतात, पुढच्या शनिवारी-रविवारी गाडीत घालून सगळं टेक्ससला आणलं तर चालेल का? जानेवारीपासून अशा वस्तूंवरचा कर शून्य झालाय ना?

नाही चालणार. साध्या रायफलींचा प्रश्न सोपा आहे, त्यावर पुढे येते. पण या तीन वस्तू आज जिथे आहेत तिथेच राहू द्या. मी ओहायोत मृत्युपत्रं आणि वारसाहक्काची वकिली करते आणि अशा तिजोऱ्यांची कामं माझ्याकडे नेमाने येतात. कुटुंबं अडचणीत येतात ती बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच. कुणी सासूबाईंच्या काळजीने वस्तू घरातून हलवतो, कुणी ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायला देतो, कुणी भावाला म्हणतो, तू घेऊन जा, कागदाचं मागून बघू. या कायद्यात "कागदाचं मागून" म्हणजेच गुन्हा.

आधी हा कायदा कोणता ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट बसेल. अमेरिकेत साधी रायफल, शॉटगन, पिस्तूल यांच्यासाठी फेडरल पातळीवर नोंदणी नाही. पण १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या बदलांनी काही मोजक्या प्रकारांना वेगळं काढलं: मशिनगन, सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल, अठरा इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन, सायलेन्सर, हातबॉम्ब आणि मोठ्या व्यासाची स्फोटक आयुधं, आणि कुठल्याच खणात न बसणारी इतर शस्त्रं, जसं पेनाच्या आकाराचं पिस्तूल. रायफल किंवा शॉटगन कापून तिची एकूण लांबी सव्वीस इंचांच्या आत आणली तरी ती याच यादीत येते. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांची, १९२९ साली शिकागोत टॉमी गन नावाच्या हातातल्या मशिनगनने सात जणांना मारलं त्या हत्याकांडाची दहशत या कायद्यामागे होती. सरळ बंदी घालणं घटनेच्या दृष्टीने अवघड वाटलं म्हणून सरकारने कराचा मार्ग घेतला. प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर, आणि कर भरायचा म्हणजे नोंद आलीच. १९३४ साली दोनशे डॉलरमध्ये टॉमी गनच विकत येत असे. ती रक्कम पुढे नव्वद वर्षं तशीच राहिली.

भारतातून आलेल्या माणसाचा इथे पहिला गोंधळ होतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना माणसाला मिळतो आणि शस्त्र त्या परवान्यावर चढतं. म्हणून मला पहिला फोन येतो तो "परवाना कसा काढायचा?" असा. इथे या वस्तूंसाठी माणसाचा परवानाच नाही. नोंद वस्तूची असते, अनुक्रमांकासह, सातबाऱ्यासारखी, आणि त्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायदेशीर धारक. ही नोंदवही एटीएफ या बंदुकांचं काम बघणाऱ्या फेडरल संस्थेकडे असते आणि तिचं काम वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या कार्यालयातून चालतं. दुसऱ्याच्या नावावरची वस्तू तुमच्या ताब्यात सापडली तर ती तुम्ही चोरली की प्रेमाने मिळाली हे विचारलं जात नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद, वर दंड आणि वस्तूची जप्ती.

दुसरा गोंधळ याहून घातक आहे. महाराष्ट्रात परवानाधारक वारला की घरचे लोक बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करतात. तेच योग्य असतं, कायदाच तसं सांगतो. त्या सवयीने इथे सायलेन्सर उचलून जवळच्या गन शॉपमध्ये "ठेवून घ्या, कागद होईपर्यंत" म्हणत नेला तर ते मंजुरीशिवायचं हस्तांतर ठरतं. या कायद्यात विकणं, भेट देणं, उसनं देणं, भाड्याने देणं, गहाण ठेवणं हे सगळं एकाच मापाने मोजलं जातं. एटीएफने वारसाच्या बाबतीत स्पष्ट सांगितलंय की एक्झिक्युटरने या वस्तू कुठल्याही दुकानदाराकडे विक्रीसाठी किंवा सांभाळायला द्यायच्या नाहीत. दुकानदाराचा सल्ला घ्या, फॉर्म भरायला मदत घ्या, वस्तू देऊ नका.

मग ठेवायच्या कुणी? एक्झिक्युटरने. न्यायालयाचं नियुक्तीपत्र हातात आलं की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राची न्यायालयातली प्रक्रिया, चालू असेपर्यंत तुमच्या नवऱ्याचा ताबा हे हस्तांतर मानलं जात नाही. २०१६ साली नियम सुधारले तेव्हा हे लेखी स्वरूपात आलं. अट एकच: प्रोबेट बंद होण्याआधी पुढच्या हस्तांतराचा अर्ज गेला पाहिजे. म्हणजे घाई नाही, पण चालढकलही नाही.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्या तिजोरीचा नंबर आज कुणाकुणाला माहीत आहे? सासूबाईंना नक्की असेल. कदाचित शेजारच्या मित्रालाही, कारण सासरे आजारी असताना त्याने औषधांचे आणि विम्याचे कागद काढून दिले असतील. नणंदेच्या मुलाला असेल. ज्याला नंबर माहीत आहे, आत काय आहे हेही माहीत आहे आणि जो हवं तेव्हा उघडू शकतो, त्याचा ताबा आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो, हात लावला नसला तरी. म्हणून नियुक्तीपत्र मिळालं की नवऱ्याने ओहायोला एकट्याने जावं आणि नंबर बदलून घ्यावा. आतल्या प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, बनवणारी कंपनी, मॉडेल, नळीची लांबी लिहून फोटो काढावेत. विमा आणि बँकेचे कागद बाहेर काढून वेगळे ठेवावेत, म्हणजे सासूबाईंना तिजोरी उघडायची गरजच उरणार नाही. नवा नंबर फक्त त्याच्याकडे. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांना नीट समजावून सांगा. हे त्यांच्या रक्षणासाठी आहे.

नळीची लांबी मोजताना पट्टी बाहेरून लावू नका. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, बोल्ट बंद करून, नळीच्या तोंडातून सरळ लाकडी काठी आत सोडायची, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची आणि काठी मोजायची. टोकाला आटे फिरवून बसवलेला भाग मोजमापात धरत नाहीत, कायमचा वेल्ड केलेला असेल तरच धरतात. हे सांगतेय कारण साध्या समजल्या गेलेल्या रायफलींमध्येही एखादी पंधरा इंची निघते, आणि ती निघाली तर तिलाही नोंद हवी. बंदूक हाताळायची सवय नसेल तर हे काम जाणकार माणसाला तिथेच, घरी बोलावून करून घ्या.

ज्या दोन वस्तूंचे कागद आहेत त्यांचा मार्ग सरळ आहे. फॉर्म ५. मृत्युपत्रात नाव असलेला वारस, किंवा मृत्युपत्र नसेल तर राज्याच्या कायद्याने ठरणारा वारस, याच्या नावावर वस्तू करायला हा फॉर्म लागतो आणि त्याला पूर्वीपासून कर नाही. सोबत मृत्युदाखला, नियुक्तीपत्र, मृत्युपत्राची प्रत, वारसाच्या बोटांच्या ठशांची दोन कार्डं, फोटो, आणि वारस राहतो तिथल्या शेरीफ किंवा पोलीसप्रमुखाला सूचनेची प्रत. ही फक्त सूचना आहे. २०१६ आधी स्थानिक पोलीसप्रमुखाची सही लागायची आणि कित्येक जण ती देतच नसत. ती अट गेली. फॉर्म ५ ची मोठी सोय अशी की वारस दुसऱ्या राज्यात असला तरी ओहायोहून थेट टेक्ससला हस्तांतर होतं, मध्ये डीलर लागत नाही. तुमचा नवरा एक्झिक्युटर म्हणून देणारा आणि वारस म्हणून घेणारा, दोन्हीकडे त्याचीच सही असेल. ते चालतं.

मंजुरी आली की मगच वस्तू हलवायची. एका राज्यातून दुसऱ्यात जाताना मशिनगन, आखूड रायफल, आखूड शॉटगन आणि स्फोटक आयुधं यांच्यासाठी एटीएफची वेगळी आगाऊ परवानगी लागते, फॉर्म ५३२०.२०. सायलेन्सरला ती लागत नाही. तुम्ही उद्या टेक्सस सोडून दुसरीकडे घर घेतलंत किंवा रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात शिकारीला निघालात, तरी आखूड रायफलीसाठी हा फॉर्म आधी भरायचा. वाटेतल्या राज्यांचे कायदेही बघायचे. फेडरल कागद खिशात असला तरी इलिनॉयच्या हद्दीत सायलेन्सर हा राज्याचा गुन्हाच.

याच कारणाने नणंदेचा विषय तुम्हाला अर्ज करण्याआधीच मिटवावा लागेल. कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला सायलेन्सर ठेवता येत नाही, आखूड रायफलही नाही. एकूण आठ राज्यांत सायलेन्सरला मनाई आहे: कॅलिफोर्निया, डेलावेअर, हवाई, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि ऱ्होड आयलंड. आपल्या मराठी मंडळींची गर्दी यातल्याच चार-पाच राज्यांत आहे, एडिसन, शिकागो, बोस्टन, बे एरिया, म्हणून मुद्दाम नावं दिली. एटीएफ राज्याचा कायदा तपासते. नणंदेच्या नावाने अर्ज केला तर तो नाकारला जाईल. निम्मं-निम्मं म्हणजे प्रत्येक वस्तू निम्मी असं कुठेच लिहिलेलं नसतं. एखाद्या मूल्यमापकाकडून किंमत काढा, या दोन वस्तू नवऱ्याच्या वाट्याला धरा आणि तेवढी रक्कम नणंदेला इतर मालमत्तेतून द्या. दोघांच्या सहीचा कागद प्रोबेट वकिलाकडून करून घ्या. टेक्सस राज्याने सायलेन्सर २०२१ मध्ये आणि आखूड नळीच्या बंदुका २०२५ मध्ये आपल्या बंदीच्या यादीतून काढल्या.

साध्या रायफली मृत्युपत्राने दुसऱ्या राज्यातल्या वारसाला थेट मिळू शकतात, त्यासाठी फेडरल फॉर्म नाही. नणंदेने घेतल्या तर तिला कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याला मुदतीत कळवावं लागेल आणि तिथलं सुरक्षा प्रमाणपत्र लागेल.

दोघांनाही नको असेल आणि विकायचंच असेल तर फॉर्म ४. ओहायोतल्याच रहिवाशाला एक्झिक्युटर थेट विकू शकतो. खरेदीदार बाहेरचा असेल तर आधी या व्यापारासाठीचा कर भरलेल्या डीलरच्या नावावर, मग त्याच्या राज्यातल्या डीलरकडून खरेदीदाराला. प्रत्येक पायरीला मंजुरी आल्यावरच वस्तू हलते.

कर शून्य झाला हे खरं आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या मोठ्या खर्च विधेयकाने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड रायफल, आखूड शॉटगन आणि "इतर शस्त्रं" यांचा बनवण्याचा आणि हस्तांतराचा कर शून्य केला. मशिनगन आणि स्फोटक आयुधांवर दोनशे डॉलर कायम आहेत. पण कर गेला, नोंद गेली नाही. फॉर्म, ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी, मंजुरीची वाट, सगळं जसंच्या तसं. "आता मोकळं झालं" असं सांगणारे व्हिडिओ फिरताहेत आणि ते ऐकून कुणी घरच्या घरी रायफलीची नळी कापली तर त्याला तीच दहा वर्षांची तरतूद लागू होते. बंदुकीची नळी साफ करायचं किट म्हणून परदेशातून स्वस्तात मागवल्या जाणाऱ्या धातूच्या नळकांड्यांबद्दलही सावध राहा. एटीएफने अशा कित्येक किटना सायलेन्सरच ठरवलंय आणि ग्राहकांना नोटिसा पाठवल्यात. कौतुकाने पार्सल मागवणाऱ्या इंजिनिअर मुलांना हे कळकळीने सांगते: वीस-तीस डॉलरच्या वस्तूसाठी करिअर पणाला लावू नका.

आता एमपी-४०. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात गंभीर भाग आहे.

ती चिठ्ठी नोंदणी नाही. युद्धातून परतणाऱ्या सैनिकाला त्याचा अधिकारी लिहून द्यायचा की ही वस्तू शत्रूकडून मिळालेली आहे, घरी न्यायला हरकत नाही. इतिहास म्हणून तिला मोल आहे, पण १९३४ च्या कायद्यापुढे ती चालत नाही. अशा शस्त्रांना आत घ्यायची एक संधी मिळाली होती. १९६८ च्या जानेवारीत हेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेकायदा ताबा असलेल्या माणसाला नोंद करायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. त्यानंतर संसदेने कायदा बदलला आणि २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८ असा एक महिना माफीचा दिला. जो येईल त्याची वस्तू नोंदवली, प्रश्न विचारले नाहीत. तो महिना संपला आणि दार बंद झालं. आज कुणाच्या ताब्यात नोंद नसलेली मशिनगन असेल तर ती कितीही पैसे भरून, कितीही प्रामाणिकपणे सांगून खासगी माणसाच्या नावावर होत नाही.

म्हणून पहिलं काम: आजेसासऱ्यांनी त्या महिन्यात नोंद केली होती का हे शोधणं. जुनी कागदपत्रं, बँकेचा लॉकर, युद्धातली पत्रं, पदकांच्या पेटीचं अस्तर, सगळं बघा. १९६८ चा फॉर्म साधा एका पानाचा होता आणि कुटुंबं त्याला कर भरल्याची पावती समजून बाजूला टाकतात. सापडला नाही तरी नोंद असू शकते. ही माहिती कराच्या गुप्ततेत येते, त्यामुळे शेजाऱ्याला किंवा स्थानिक पोलिसाला फोनवर मिळत नाही. पण मयत धारकाच्या एक्झिक्युटरला नियुक्तीपत्र जोडून विचारता येतं. इथे एक गुंता आहे, तो सोडवल्याशिवाय पत्र टाकू नका: नोंद झालीच असेल तर ती आजेसासऱ्यांच्या नावावर असेल, सासऱ्यांच्या नावावर कधी आली नसेल. म्हणजे आजेसासऱ्यांच्या वारसाची फाइल पुन्हा उघडावी लागेल. ते होऊ शकतं, मी करून घेतलेलं आहे, पण वेळ लागतो.

आणि हे पत्र वकिलामार्फतच जाऊ द्या. नवऱ्याने स्वतः फोन करून "माझ्याकडे कागद नसलेली मशिनगन आहे" असं सांगू नये. सांगण्यात पाप नाही, पण पहिलं वाक्य वकिलाचं असलं की कुटुंबाचं संरक्षण राहतं. ओहायोत अशी प्रकरणं हाताळणारे वकील आहेत, ताबडतोब गाठा. ही एकच गोष्ट या आठवड्यात करण्यासारखी आहे.

नोंद निघाली तर ही बंदूक १९ मे १९८६ पूर्वीची, हस्तांतर करता येण्याजोगी ठरते. त्या दिवसापासून नव्या मशिनगन सामान्य नागरिकांसाठी नोंदवणं कायमचं थांबलं. देशभरात अशा हस्तांतरणीय मशिनगन सुमारे पावणेदोन लाखच आहेत, त्यामुळे किंमती चढत्याच राहतात. नोंदणीकृत एम-१६ ला तीस हजार डॉलरांच्या वर मिळतात, आणि एमपी-४० सुद्धा स्वस्त नाही. मग तीही फॉर्म ५ नेच येईल.

नोंद नसेल तर ती कुणालाच ठेवता येत नाही. वकील एटीएफच्या स्थानिक कार्यालयाशी बोलून ती स्वाधीन करण्याची व्यवस्था लावतो. त्यांची माणसं घरी येऊन घेऊन जातात. स्वतः गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका, आणि करवत लावून तुकडे करायलाही जाऊ नका. शस्त्र वाचवायचा एक अरुंद मार्ग असतो: एखादं पोलीस खातं किंवा सरकारी संस्था फॉर्म १० ने ती आपल्या नावावर नोंदवून घेऊ शकते. एकदा तशी गेली की पुढे फक्त सरकारी वापरासाठीच राहते, कुटुंबाकडे परत येत नाही. इतिहासाची आवड असलेलं खातं भेटलं तर हे घडतं, म्हणून वकिलाला विचारायला सांगा. ती चिठ्ठी मात्र तुमचीच. तिच्यावर आजेसासऱ्यांचं नाव आहे, ती जपा.

एक शक्यता अशीही आहे की नळी वेल्डिंगने बुजवलेली असेल. युद्धानंतर बऱ्याच वस्तू अशा निकामी करून आणल्या गेल्या आणि तेव्हा त्यांना नोंद लागत नसे. १९६८ च्या बदलानंतर मात्र मूळ सांगाडा शाबूत असेल तर ती मशिनगनच. म्हणून "चालतच नाही ती" या बोलण्यावर विसंबू नका.

राहिला भाऊ. ताई, तुमच्या प्रश्नात हे शेवटच्या ओळीत होतं, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाने कोणतीही बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, सगळे यात आले. साधी शिकारीची रायफलसुद्धा. ग्रीन कार्ड हातात आलं की ही बंदी उठते, पण त्याआधी नाही. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेली मागणी, मंजूर झालाय, अर्ज दाखल आहे, कामाचं कार्ड आहे, यांतल्या कशानेच ती उठत नाही. भारतीयांची रांग किती वर्षांची आहे हे तुम्ही जाणता. त्या रांगेत उभी असलेली माणसं पंधरा वर्षं इथे राहतात, घरं घेतात, मुलं शाळेत घालतात आणि स्वतःला अमेरिकनच समजू लागतात. कायदा तसं समजत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमी कामी येणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो असेल तर बंदूक बाळगता येते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. हौसेने रेंजवर जाणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. फ्लोरिडात रेहाईफ नावाच्या विद्यार्थ्याचं प्रकरण असंच सुरू झालं: विद्यापीठातून काढल्यावर त्याचा व्हिसा-दर्जा संपला, नंतर त्याने रेंजवर नेमबाजी केली आणि खटला उभा राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. एच-१बी वाल्याला या निकालाचा आधार मिळणं कठीण, कारण त्याला त्याचा दर्जा पक्का माहीत असतो.

भाऊ तुमच्या घरी राहू शकतो. त्याला तिजोरी उघडता येता कामा नये, एवढंच. टेक्ससमध्ये तिजोरी बसवाल तेव्हा नंबर तुम्हा नवरा-बायकोकडेच ठेवा, "अडीनडीला" म्हणून भावाला सांगू नका. किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर टांगू नका. काडतुसं हॉलच्या कपाटात ठेवू नका, काडतुसांनाही तीच बंदी आहे. तुम्ही दोघं गावाला गेलात आणि तो घर सांभाळायला थांबला, तरी हेच. बंदुकीच्या गुन्ह्याने व्हिसा तर जातोच, ग्रीन कार्डधारकालाही हद्दपार करता येतं, इथे किती वर्षं काढली ते बघितलं जात नाही.

पुष्कळ जण विचारतात की ट्रस्ट करून सगळ्या घराची नावं घातली तर? ट्रस्ट उपयोगी असतो. एकाच वस्तूला नवरा-बायको दोघांना कायदेशीर हात लावता येतो, नाहीतर सायलेन्सर नवऱ्याच्या नावावर असेल तर तो घरात नसताना तुमच्या एकटीच्या ताब्यात राहणं अडचणीचं. पण २०१६ पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला स्वतंत्र फॉर्म, ठसे आणि फोटो द्यावे लागतात. भावाचं नाव त्यात घालू नका. त्याला ग्रीन कार्ड मिळाल्यावर घालता येईल.

मंजूर फॉर्मची मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, एक छायाप्रत वस्तूसोबत, एक फोनमध्ये. एटीएफच्या अधिकाऱ्याने मागितली तर दाखवावी लागते. आणि तुमचं दोघांचं मृत्युपत्र नव्याने कराल तेव्हा या वस्तूंचे अनुक्रमांक, फॉर्म कुठे ठेवलेत आणि कोणत्या राज्यातल्या कोणत्या वारसाला त्या जातील हे त्यात लिहून ठेवा. वारस कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत असेल तर दुसरं नाव पर्याय म्हणून द्या.